धावपट्टी दिसली नाही, मग विमान वर कुठल्या वाटेनं जातं?

आषाढातली सकाळ होती. बेळगावच्या विमानतळाजवळ, सांबऱ्याकडच्या शिवारात काकांकडे रोप लावणी चालली होती. आभाळ इतकं खाली उतरलेलं की दोन शेतांपलीकडचा नारळसुद्धा धूसर दिसत होता. आधी विमानाचा आवाज आला. मग ढगाच्या पोटातून दिवे डोकावल्यासारखे झाले, आणि आता हे टेकणार असं वाटेपर्यंत इंजिनं एकदम गरजली. दिवे पुन्हा ढगात गेले. चिखलात वाकलेल्या बायका कंबर सरळ करून वर बघायला लागल्या.

"आलं होतं की रे खाली! परत वर कशाला गेलं?" काकांनी विचारलं. पेंढी बांधावर ठेवून थोड्या वेळानं म्हणाले, "आणि गेलं ते गेलं. पण आत बसून काही दिसत नसताना वर कुठल्या वाटेनं गेलं? टॉवर, टेकडी आडवी आली असती तर?"

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा प्रश्न विचारणारा माणूस मला फार क्वचित भेटला आहे, आणि खरी गोम त्यातच आहे.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. ढगातून उतरताना पायलट बाहेर बघत नाही, उपकरणांवर येतो. जमिनीवरचं आयएलएस यंत्र रेडिओलहरींनी त्याला डावं-उजवं आणि वर-खाली सांगतं. जिथे ते नाही तिथे उपग्रहांच्या आधारानं येता येतं. आपल्या देशाची 'गगन' ही यंत्रणा इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभी केली. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एक एटीआर विमान तिच्या आधारानं उतरलं होतं. मार्ग कुठलाही असो, प्रत्येकाला एक तळरेषा ठरलेली असते. पायलट तिला 'मिनिमम' म्हणतात. साध्या आयएलएसवर ती धावपट्टीच्या वर फक्त २०० फूट, म्हणजे ६० मीटरपर्यंत खाली असू शकते. इतर मार्गांवर ती बरीच वर असते. तिथपर्यंत पोहोचून धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर त्याच क्षणी वर जायचं. विचार करत रेंगाळायला तिथे जागा नाही. याला गो-अराउंड म्हणतात. हा अपघात नाही आणि पायलटची चूकही नाही. ज्याला धावपट्टी दिसली नाही आणि जो परत फिरला, त्यानं आपलं काम चोख केलं.

आता काकांचा प्रश्न.

वर जायची वाट हवेत सुचत नाही. ती महिनोन् महिने आधी कागदावर आखलेली असते. त्या आखणीला 'मिस्ड अप्रोच' म्हणतात आणि ती उतरण्याच्या नकाशावरच छापलेली असते: अमुक उंचीपर्यंत सरळ, मग डावीकडे किंवा उजवीकडे, मग अमुक ठिकाणी जाऊन घिरट्या. आखणाऱ्यांच्या टेबलावर त्या परिसरातली प्रत्येक टेकडी, टॉवर, पाण्याची टाकी, चिमणी, विजेचा खांब उंचीसकट मांडलेला असतो. त्यांच्यावरून ते एक अदृश्य चढ ओढतात. जगभर पाळल्या जाणाऱ्या नियमांनुसार हा चढ सहसा २.५ टक्क्यांचा असतो. म्हणजे १०० मीटर पुढे जाताना अडीच मीटर वर, किंवा रेल्वेवाल्यांच्या भाषेत ४० ला १.

हा चढ किती ते आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. लोंढ्यावरून गोव्याला जाणाऱ्या गाडीत बसला असाल तर कॅसलरॉक ते कुळे हा घाट तुम्ही पाहिलाय. दूधसागर तिथलाच. त्या घाटातला सर्वात तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे सुमारे २.७ टक्के. कुळ्याहून वर येताना गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात ती त्यासाठीच. परत फिरणाऱ्या विमानासाठी आखलेला चढ त्याहून किंचित सौम्य आहे. दोन्ही इंजिनं धड असलेल्या विमानाला तो अगदी किरकोळ. आडवा १२० नॉट वेगानं जाणाऱ्या विमानाला त्यासाठी मिनिटाला साधारण ३०० फूट चढावं लागतं. प्रत्यक्षात ते याच्या कितीतरी पट जोरात चढतं.

मात्र इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण विमानशाळेतली मुलंसुद्धा इथेच घोटाळा करतात. डोंगर चुकवायचा हिशेब 'मिनिटाला किती' यावर चालत नाही, तो 'किलोमीटरला किती' यावर चालतो. मागून जोराचा वारा असला तर विमान जमिनीवरून भराभर पुढे सरकतं. मिनिटाला तेवढंच चढूनही डोंगरापाशी ते खालच्या उंचीवर पोहोचतं. डोंगर विमानाची वाट बघत जागेवरच उभा असतो.

मग या अदृश्य चढाच्या खाली मोकळी जागा किती? वर-खाली सांगणारा ग्लाइड पाथ नसलेल्या साध्या अप्रोचमध्ये, म्हणजे उतरायच्या मार्गावर, शेवटच्या टप्प्यात खाली येताना अडथळ्याच्या वर सहसा ७५ मीटर अंतर राखलेलं असतं. विमान वर जायला लागलं की ते ३० मीटरवर येतं आणि पुढे ५० मीटरवर जातं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला उलटं वाटलं. वर जाताना जागा कमी कशी? कारण असं की वर जाणारं विमान प्रत्येक सेकंदाला त्या अडथळ्यापासून लांब जात असतं आणि खाली येणारं जवळ जात असतं. तरीही ३० मीटर म्हणजे नऊ-दहा मजली इमारत. इतकंच. सगळी भिस्त यावर की विमान ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या मार्गानं वर गेलं.

मला सांगायचं आहे ते हेच. ही हमी बिनशर्त नाही. तिला सुरुवातीची एक जागा आहे. त्या जागेच्या आधी वळलात, किंवा तिच्या पुढे आणि खाली गेल्यावर वर निघालात, तर नकाशावरची ओळ तुमच्यासाठी लिहिलेलीच नाही.

आधी वळण्याचं बघू. समजा पायलटला चार किलोमीटर आधीच वाटलं की आज काही खरं नाही, वर जाऊ. वर तो लगेच जाऊ शकतो. नकाशावर 'डावीकडे वळा' असं लिहिलं असलं तरी वळता मात्र येत नाही. आधी ठरलेल्या बिंदूपर्यंत सरळच जावं लागतं, कारण बाजूची टेकडी तपासली आहे ती त्या बिंदूनंतरच्या वळणासाठी. आपल्याकडे पश्चिमेचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. येळ्ळूरचा राजहंसगड, वैजनाथचा डोंगर, आणि जांबोटी-कणकुंबीकडे चढत गेलेला सह्याद्री. धावपट्टीभोवतीचा सपाट माळ पाहून ज्याला वाटतं की इथे कुठेही वळलं तरी चालेल, त्यानं ढग खाली आलेल्या दिवशी हा मुलूख आठवावा.

आता दुसरी, जास्त अवघड गोष्ट. मिनिममला धावपट्टी दिसली, पायलट खाली आला, आणि शंभर फुटांवर असताना वळवाची सर आडवी आली. काही दिसेना. किंवा टेकता टेकता वाऱ्याचा झोत आला, किंवा धावपट्टीवर कुत्रं आलं. आता वर जायचंय, पण मिनिमम केव्हाच मागे राहिलं. मिस्ड अप्रोचची आखणी या क्षणासाठी केलेलीच नव्हती.

किती फरक पडतो ते ढोबळ हिशेबानं बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत. मिनिमम धावपट्टीच्या वर ५०० फूट, म्हणजे १५२ मीटर धरू. तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावर येताना त्या जागेपासून टेकायची जागा सुमारे २.९ किलोमीटर पुढे असते. पहिलं विमान तिथूनच २.५ टक्क्यांनी चढायला लागलं, तर टेकायच्या जागेपलीकडे ५ किलोमीटरवर ते साधारण ३५० मीटर उंचीवर असेल. दुसरं विमान टेकता टेकता वर निघालं. त्याच ठिकाणी ३५० मीटरवर पोहोचायला त्याला ५ किलोमीटरमध्ये शून्यातून चढायचंय. म्हणजे सात टक्के. कॅसलरॉकच्या घाटाच्या अडीचपट.

दोन्ही इंजिनं चालू असलेलं, वजन कमी झालेलं विमान बहुतेक वेळा हे करून दाखवतं. एक इंजिन बंद असलं तर? तिथे एक विसंगती आहे आणि ती मला अजून स्वस्थ बसू देत नाही. दोन इंजिनांच्या मोठ्या प्रवासी विमानाला परवाना देताना अशी अट असते की एक इंजिन बंद असताना, अप्रोचच्या अवस्थेत, त्यानं निदान २.१ टक्क्यांनी चढलं पाहिजे. आणि नकाशाचा चढ आहे २.५ टक्के. म्हणजे परवान्याची किमान अट नेमकी पाळणारं विमान नकाशाच्या चढाला कमी पडू शकतं. फरक ०.४ टक्क्यांचा, ऐकायला काहीच नाही. पण १० किलोमीटरवर तोच ४० मीटर होतो. राखलेली मोकळी जागा त्या टप्प्यात होती ५० मीटर. वरच्या उदाहरणातलं दुसरं विमान एका इंजिनावर २.१ टक्क्यांनी चढलं, तर ५ किलोमीटरवर ते १०५ मीटर उंचीवर असेल, जिथे ३५० हवे होते.

यात कुणी फसवणूक केलेली नाही. नकाशा आखणारे सर्व इंजिनं चालू आहेत असं गृहीत धरतात. इंजिन बंद पडलं तर काय, हे प्रत्येक विमान कंपनीनं आपल्या विमानासाठी, आपल्या वजनासाठी आणि त्या दिवसाच्या तापमानासाठी वेगळं बसवायचं असतं. म्हणून चांगल्या कंपन्या अशा दिवशी वजन कमी ठेवतात, किंवा एका इंजिनासाठी वेगळी वाट आखून पायलटच्या हाती देतात. काही विमानतळांवर नकाशातच लिहिलेलं असतं की इथे चढ २.५ नाही, चार किंवा पाच टक्के लागेल. ते जमणार नसेल तर मिनिमम वर धरून या.

इथे आपल्या हवेचाही संबंध येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, अडीच हजार फुटांच्या आसपास. एप्रिलमध्ये पारा ३६ ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. त्या हवेत इंजिनाचा जोर घटतो आणि तोच चढ चढायला जड जातं. पावसाळ्यात आभाळ खाली असतं, पण हवा थंड आणि दाट. उन्हाळ्यात हवा विरळ, पण धावपट्टी लांबून दिसते. दोन्ही अडचणी एकदम येतात त्या मे महिन्यातल्या दुपारी, वळवाच्या वेळी. तासाभरापूर्वी रणरणतं ऊन, आणि आता काळं आभाळ, धूळ, दिशा बदलणारा वारा. त्या दिवशी 'वर जाऊन एक फेरी मारतो' म्हणणाऱ्या किंवा सरळ दुसऱ्या विमानतळाकडे निघून जाणाऱ्या पायलटला मी मनातल्या मनात हात जोडतो.

मग मिनिममच्या खालून वर निघालेल्यानं करायचं काय? मोठ्या विमानतळांवर, जिथे अगदी दाट धुक्यातही उतरता यावं अशी सोय असते, तिथे धावपट्टीच्या वरची जागा मुद्दाम मोकळी राखलेली असते. तिच्या पुढे ३.३३ टक्क्यांचा एक आणखी अदृश्य चढ असतो आणि त्याच्या वर कुठलाही कायमचा अडथळा उभारू देत नाहीत. तो चढ धावपट्टीच्या सुरुवातीपासून १८०० मीटरवर सुरू होतो, किंवा धावपट्टी त्याआधी संपत असेल तर तिथून. विमान टेकता टेकता उठलं तर काय, हा हिशेब इथे केलेला आहे. बाकी ठिकाणी शहाणपणाची वाट अशी की हे आता उड्डाणच आहे असं समजायचं. त्याच धावपट्टीवरून उडताना एक इंजिन बंद पडलं तर कुठे जायचं, हे कंपनीनं आधीच तपासून ठेवलेलं असतं. अडथळे तिथेही तेच असतात. म्हणून जाणते पायलट उतरायच्या आधीच आपसात बोलून ठेवतात: मिनिममवरून फिरलो तर नकाशाची वाट, त्याखालून फिरलो तर सरळ धावपट्टीच्या रेषेत, पूर्ण जोर, आणि सुरक्षित उंची येईपर्यंत वळायचं नाही.

आणि अशी एक रेषा आहे जिच्यापलीकडे वर जायचंच नसतं. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला आलेलं बोइंग ७३७ आपल्या राज्यातल्या कुणीही विसरणार नाही. धावपट्टी टेकडीच्या माथ्यावरची, दोन्ही टोकांना दरी. विमान फार उंचावरून आलं होतं. सहवैमानिकानं तीनदा 'गो अराउंड' म्हटलं. तेव्हा वर गेले असते तर वाट मोकळी होती. विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलं, इंजिनाचा जोर उलटा करणारे रिव्हर्सर उघडले गेले, आणि त्यानंतर पुन्हा उडण्याचा प्रयत्न झाला. रिव्हर्सर उघडल्यावर थांबायचंच, हा त्या विमानाचा नियम आहे. उजवा पंख धावपट्टीपलीकडच्या लोकलायझर अँटेनाच्या (आयएलएसचा डावं-उजवं सांगणारा भाग) बांधकामाला धडकला आणि विमान दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली, ८ वाचली. तीच कृती, वर जाण्याची, अर्ध्या मिनिटापूर्वी त्या सगळ्यांना वाचवणारी होती.

ढगात वर जाताना आणखी एक धोका असतो आणि त्याचा टेकडीशी काही संबंध नाही. इंजिनांचा जोर एकदम वाढला की माणूस पाठीवर दाबला जातो. बाहेर काही दिसत नसलं की कानातला तोल सांभाळणारा भाग त्याला सांगतो, नाक फार वर गेलंय. ते खोटं असतं. त्यावर विश्वास ठेवून पायलटनं नाक खाली दाबलं तर वर जायला निघालेलं विमान जमिनीकडे जातं. २३ ऑगस्ट २००० ला बहारीनला एक एअरबस ए३२० असंच समुद्रात कोसळलं. १४३ माणसं होती. म्हणून पायलटला एकच गोष्ट हाडात मुरवतात: कानाचं ऐकायचं नाही, समोरच्या उपकरणाचं ऐकायचं. विमानात बसलेल्याला गो-अराउंडमध्ये पोटात गोळा येतो तो याच झटक्यामुळे. तुम्हाला घाबरायला होतं ते साहजिक आहे. मात्र त्या आवाजाचा अर्थ, आत कुणीतरी वेळेवर निर्णय घेतला, इतकाच.

हे सगळं काकांना एका बैठकीत सांगणं शक्य नव्हतं. लावणी संपल्यावर, रात्री जेवणं झाल्यावर, पाटीवर उतार काढून सांगितलं. घाटाचा दाखला त्यांना लगेच पटला. तरुणपणी लाकडाच्या कामानं ते लोंढ्याला पुष्कळ जायचे. मग त्यांनी जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं.

"म्हणजे तो चढ कागदावर ओढला तेव्हा जे उभं होतं तेवढंच त्यात मोजलं. नंतर कुणी काही उभं केलं तर?"

तर कागद खोटा ठरतो. म्हणूनच विमानतळाच्या आजूबाजूला बांधकाम करताना प्राधिकरणाची उंचीची एनओसी मागतात. आपल्या गावांतल्या लोकांना ती कटकट वाटते. दोन मजले कमी का, टॉवरला परवानगी का नाही, यावरून कचेरीत वाद होतात. पण ३० मीटरच्या मोकळ्या जागेत कुणी न विचारता वीस मीटरची चिमणी किंवा क्रेन उभी केली, तर उरतात दहा मीटर, आणि ढगातल्या पायलटला त्याचा पत्ताही नसतो. टॉवरच्या टोकाला लाल दिवा लावतात तोही याचसाठी.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पलीकडच्या शिवारातल्या टॉवरचा लाल दिवा दिवाळीपासून लागत नाही. मी रोज बघतो. मला वाटायचं, वीज वाचवायला बंद केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडी काढून विमानतळाच्या कार्यालयात गेलो. अर्ज मी लिहिला, सही काकांनी केली. टॉवर कुठल्या सर्व्हे नंबरात आहे ते त्यांना तोंडपाठ होतं.